बाबासाहेब आंबेडकर : सार्वजनिक विधी आणि प्रतीके

भीमराव रामजी आंबेडकर ऊर्फ बाबासाहेब (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, पत्रकार, भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुक्तिलढ्याचे नेते होते. त्यांचे शिक्षण, ग्रंथलेखन व घटनाकार्य यांवर विपुल लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र सार्वजनिक विधी, मिरवणुका, वेश, ध्वज, दहन व दीक्षा यांच्या अनुषंगाने मांडले आहे. जातिव्यवस्थेचे बळ कायद्याच्या पुस्तकापेक्षा रोजच्या व्यवहारात अधिक असते. पाणी कोणी कोठे प्यावे, लुगडे कसे नेसावे, शिळी भाकर कोणाच्या दारात मागावी, असे ते व्यवहार असतात. म्हणून ही व्यवस्था बदलण्याची कृतीही सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हावी लागते, हे सूत्र त्यांच्या सुमारे तीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात सतत दिसते. त्यातील सर्वांत निर्णायक घटना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे कर्जत-खालापूरपासून महाड-पोलादपूरपर्यंत पसरलेल्या आजच्या रायगड जिल्ह्यात घडल्या.

आरंभीचा काळ

आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. सातारा येथील शाळेत भीमरावांना तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतले तरच ते मिळे आणि शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. पुढे महाडच्या तळ्यावर जे घडले त्याची पार्श्वभूमी म्हणून चरित्रकार हा प्रसंग हमखास सांगतात, आणि ते योग्यच आहे.

१९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानिमित्त मुंबईत भरलेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. या एका लहानशा समारंभात पुढील दोन धागे एकत्र आलेले दिसतात. बोले यांनी मांडलेल्या ठरावातून महाडचा सत्याग्रह उभा राहिला आणि केळूसकरांच्या पुस्तकाने जागविलेली जिज्ञासा एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला पोहोचली.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये अध्ययन केले. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक हे पाक्षिक सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव (कोल्हापूर) येथील परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली.

महाराष्ट्रात सार्वजनिक विधीचा समाजपरिवर्तनासाठी उपयोग करण्याची परंपरा त्यांच्या आधीपासून होती. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीविना विवाह लावून विधीवरील पुरोहितांचा एकाधिकार नाकारला होता. लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सव व शिवजयंती उत्सव यांना सार्वजनिक रूप देऊन परकीय सत्तेविरुद्ध समुदाय उभा केला. महात्मा गांधींनी ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे विलायती कापडाची होळी केली. आंबेडकरांनी या तिन्ही प्रवाहांपासून काही ना काही घेतले. त्यांचे वेगळेपण असे की, त्यांच्या समारंभात भाग घेणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच सावकाराच्या व खोताच्या हाताखाली परतायचे असे. त्यांच्या विधींचे मोल ठरविताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

कोरेगावचा स्तंभ आणि बदलापूरची पालखी

१ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथील विजयस्तंभापाशी सभा घेतली. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे पेशव्यांच्या व ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांत लढाई झाली होती. हा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या पराक्रमाच्या स्मरणार्थ उभारला होता; मात्र त्यावर कोरलेल्या नावांत अनेक महार सैनिकांची नावे होती. आंबेडकरांनी त्या नावांकडे बोट दाखविले. जेत्या सरकारच्या स्मारकाला त्यांनी पराभूत समाजाच्या आत्मसन्मानाचे स्मारक केले. दगड तोच राहिला, वाचन बदलले. लष्करात महारांची भरती बंद झाल्याची तक्रारही या सभेमागे होती. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मेळाव्याचे प्रयोजन नीट कळते.

त्याच वर्षी ३ मे रोजी बदलापूर येथे शिवाजी महाराजांच्या त्रिशतसांवत्सरिक जयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्षपद आंबेडकरांना देण्यात आले. बदलापूर हे मुंबईहून कर्जतकडे येणाऱ्या लोहमार्गावरील गाव. निमंत्रण देणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांत पालये शास्त्री हे ब्राह्मण गृहस्थ प्रमुख होते आणि आंबेडकर त्यांच्याच घरी उतरले. रात्री निघालेल्या शिवरायांच्या पालखीच्या मिरवणुकीत सर्व जातींचे हजारो लोक चालले. महाडचे तळे बाटले म्हणून शुद्ध करून घेतल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. अशा वेळी त्याच कोकणपट्टीत एका अस्पृश्य नेत्याने पालखीबरोबर अध्यक्ष म्हणून चालावे, ही घटना महाडइतकी गाजली नाही. पण सवर्ण समाजातही दोन तट पडले होते याचा तो ठळक पुरावा आहे.

महाड, मार्च १९२७

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ च्या ठरावाने चवदार तळे सर्वांना खुले केले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सुधारक विचारांचे कायस्थ गृहस्थ होते. ठराव झाला, दप्तरात नोंदला गेला आणि तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी घेतले नाही. अडथळा कागदावर उरलाच नव्हता. तो तळ्याच्या पायऱ्यांवर होता.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. लाडवली गावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस आदींनी तिची सिद्धता केली होती. हजारो प्रतिनिधी आले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी आयोजकांना सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, आणि खुले ठरविलेले तळे तर हाकेच्या अंतरावर होते. मृत जनावरांचे मांस खाऊ नये, उष्टे अन्न मागू नये, मुलांना शाळेत घालावे, असा उपदेश परिषदेत झाला. हे सर्व विषय शरीराशी, म्हणजे तोंडात काय जाते व हात कोणापुढे पसरतो याच्याशी निगडित आहेत, हे विशेष.

२० मार्चला परिषद संपत आली असता चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना केली. प्रतिनिधी रांगेने बाजारपेठेतून चालत तळ्यावर गेले. आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेऊन प्राशन केले आणि त्यांच्यामागोमाग इतरांनी. त्यात ना मंत्र होता ना वाद्य, तरीही आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात एवढा परिणामकारक विधी क्वचितच झाला असेल. आंबेडकरांच्या दृष्टीने पाण्याची गरज हे त्याचे मुख्य कारण नव्हते. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करणे हा त्याचा हेतू होता.

काही वेळातच अस्पृश्य वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि गावात परतलेल्या, जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर काठ्यांनी हल्ला झाला. अनेकजण जखमी झाले, सुमारे वीसजण गंभीर. प्रतिनिधींत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी महार सैनिक होते आणि प्रतिकार करण्याची परवानगी ते मागत होते. आंबेडकरांनी ती दिली नाही. त्या दिवशी त्यांनी हात उगारू दिला असता तर तळ्याचा प्रश्न दंगलीच्या खटल्यात बुडाला असता. पुढे हल्लेखोरांपैकी पाचजणांना चार महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली.

यानंतर सनातन्यांनी आपला विधी केला. शेण, गोमूत्र, दूध व दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात ओतून ते शुद्ध करून घेण्यात आले. एकाच जलाशयावर परस्परविरोधी दोन समारंभ झाले. एकाने माणसाची समता जाहीर केली, तर दुसऱ्याने अस्पृश्याच्या स्पर्शापेक्षा शेणाचे पाणी पवित्र ठरविले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही मागे घेतला.

महाड, डिसेंबर १९२७

शुद्धीकरणाला उत्तर म्हणून २५ डिसेंबरपासून पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. मधल्या काळात ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. अट एवढीच की चळवळीत ब्राह्मणांना स्थान नसावे. आंबेडकरांनी ती अट फेटाळली. जन्मावरून कोणाला दूर ठेवणे हीच ज्या व्यवस्थेची खूण, तिच्याविरुद्धच्या समारंभात तीच खूण उलटी करून वापरणे त्यांना मान्य नव्हते.

१४ डिसेंबर रोजी महाडमधील काही सवर्ण नागरिकांनी तळे खाजगी असल्याचा दावा करून न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला. परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. वाटेत मोटारवाले अडवतील म्हणून आंबेडकर व मुंबईचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला पद्मावती बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि तेथून सुमारे पाच मैल मिरवणुकीने पायी महाडला आले. मंडपात एकच तसबीर होती, ती गांधींची.

अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. या तुलनेत केवळ वक्तृत्व नव्हते. फ्रेंच क्रांतिकारकांनी जुन्या राजसत्तेबरोबर तिची सारी दृश्य चिन्हेही पालटली होती. १४ जुलै १७९० रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर लक्षावधी लोकांच्या साक्षीने राष्ट्राची शपथ घेण्यात आली. गावोगाव स्वातंत्र्यवृक्ष लावले गेले, तिरंगी फीत टोपीवर चढली. जुलै १७९३ च्या कायद्याने सरंजामी हक्कांचे दस्तऐवज जाहीरपणे जाळण्याचा आदेश निघाला. महाडच्या परिषदेनेही मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला: सर्व माणसे जन्मतः समान आहेत आणि मरेपर्यंत समान राहतात, असा त्याचा आशय होता.

त्याच रात्री नऊच्या सुमारास मनुस्मृतीचे दहन झाले. मंडपासमोर लहानसा चौकोनी खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडे रचली होती, कोपऱ्यांवर खांब होते आणि त्यांवर दहनभूमीचे फलक लावलेले होते. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला व पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्यांच्यासह काही अस्पृश्य साधूंनी ग्रंथ अग्नीला अर्पण केला. यज्ञवेदीची मांडणी, चंदन, अग्नी, साधू अशी सगळी सामग्री परंपरेचीच होती. आहुती मात्र परंपरेच्या आधारग्रंथाची पडली. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांपैकीही काहींना हे रुचले नाही. आंबेडकरांनी नंतर बहिष्कृत भारतातून आपली भूमिका मांडताना विलायती कापडाच्या होळीचा दाखला दिला: कापड जाळणाऱ्याचा राग सुतावर नसतो, ते ज्या गुलामीचे चिन्ह झाले तिच्यावर असतो. मनाईहुकूम तळ्यापुरता होता, दहनाला नव्हता, ही बाबही येथे नोंदविण्यासारखी आहे. वकील आंबेडकर आणि नेते आंबेडकर यांची सांगड त्या दोन दिवसांत जितकी घट्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते.

तळ्यावर जावे की न जावे, यावर प्रतिनिधींत मोठी चर्चा झाली. हजारोंनी तुरुंगात जाण्याची तयारी नोंदविली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन न्यायालयाच्या निर्णयापर्यंत थांबण्याची विनंती केली. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि तो प्रतिनिधींनी जड अंतःकरणाने स्वीकारला. गावातून तळ्याच्या बाजूने मिरवणूक निघाली. पाण्याला कोणी स्पर्श केला नाही. हा निर्णय दुर्बलतेचा होता अशी टीका तेव्हाही झाली. परंतु सरकारशी आणि सवर्णांशी एकाच वेळी झुंज देण्याचा भार शेवटी खेड्यातील एकट्यादुकट्या महार-चांभार कुटुंबावर पडला असता. मार्चनंतर गावोगाव सुरू झालेल्या बहिष्काराचा अनुभव ताजा होता.

या परिषदेतील सर्वांत टिकाऊ बदल कदाचित स्त्रियांच्या सभेत झाला. अस्पृश्य स्त्रियांनी लुगडे गुडघ्यावर नेसावे, कथलाचे जाड दागिने घालावेत, अशी जातीची ओळख त्यांच्या अंगावरच लादलेली होती. आंबेडकरांनी ती टाकून देण्याचे आवाहन केले. टिपणीस व चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी नेसण्याची पद्धत दाखवून दिली आणि कितीतरी स्त्रिया लगेच पायघोळ लुगडे नेसून वावरू लागल्या. हा विधी पुढे रोज सकाळी घरोघर होत राहिला. त्याला मनाईहुकूम लागू करणे कोणालाच शक्य नव्हते.

तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नव्हते.

काळाराम मंदिर आणि त्यानंतर

१९२७ साली स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजनांचे कार्यक्रम केले. लोकमान्यांचे पुत्र श्रीधरपंत टिळक यांनी पुण्यात गायकवाड वाड्यात संघाची शाखा काढून सहभोजन घडविले. त्याच काळात अमरावती व पुणे येथे मंदिरप्रवेशाचे प्रयत्न झाले.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सुमारे पंधरा हजार लोकांची मैलभर लांबीची शिस्तबद्ध मिरवणूक निघाली. पुढे वाद्यवृंद, मागे स्त्रियांची पथके. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रही दारांसमोर बसले. रामनवमीला दोन्ही बाजूंनी रथ ओढण्याची तडजोड ठरली होती, पण ती मोडून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हा लढा काही वर्षे चालला. आंबेडकरांचे मत मात्र पालटत गेले. मंदिरप्रवेशाच्या समारंभात दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते, आणि दार उघडले तरी आतली व्यवस्था त्याचीच असते. १९३४ साली त्यांनी गायकवाडांना ही मोहीम थांबविण्याचे कळविले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथील परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. तेथून पुढे त्यांच्या चळवळीने दुसऱ्यांच्या विधीत वाटा मागितला नाही.

१९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या काळात मिरवणुकांचे स्वरूप आर्थिक झाले. खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला.

निळा झेंडा, चक्र आणि लेणी

१९४२ साली नागपूर येथे स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनबरोबर निळा झेंडा चळवळीत रुजला. १९४७ साली राष्ट्रध्वजाचा विचार करण्यासाठी राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत आंबेडकर सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकाचे चक्र असलेला ध्वज स्वीकारला आणि पुढे सारनाथची सिंहमुद्रा राष्ट्रमुद्रा झाली. या निवडीचे श्रेय एकट्या आंबेडकरांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. ती अनेकांची सामूहिक निवड होती. परंतु भारतीय प्रजासत्ताकाच्या प्रतीकांत बौद्ध परंपरा मध्यभागी आली, याचा आपल्या समाजाच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हे त्यांनी ओळखले आणि त्याचा उपयोग केला.

कुलाबा जिल्ह्यात बौद्ध अवशेषांची वाण नव्हती. महाडजवळ गांधारपाले, मांदाडजवळ कुडा आणि कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे लेणी आहेत. कोंडाण्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या काळातील असून लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल कातळात उतरविलेली तेथे पाहावयास मिळते. दर्शनी भागाजवळच्या भग्न यक्षमूर्तीपाशी ब्राह्मी लेख आहे आणि त्यात कण्ह याचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे. पश्चिम भारतातील लेण्यांत दात्यांची नावे पुष्कळ सापडतात. घडविणाऱ्याचे नाव क्वचित. कोकणात व घाटावर अशी लेणी लोकांच्या तोंडी पांडवांच्या नावावर जमा झाली होती. धर्मांतरानंतर ही लेणी नवबौद्धांच्या दृष्टीने पूर्वजांच्या विहारांची ठिकाणे झाली. कोरेगावच्या स्तंभाच्या बाबतीत जे घडले तेच येथेही घडले.

२५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ती तारीख मनुस्मृती दहनाची होती.

नागपूर, १९५६

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. अशोकाच्या धम्मस्वीकाराशी हा दिवस जोडलेला असल्याने तो निवडण्यात आला होता. त्या वर्षी बुद्धाच्या महापरिनिर्वाणास २५०० वर्षे झाल्याचा उत्सवही चालू होता. नागपूर निवडण्यामागे प्राचीन नाग लोकांचा बौद्ध धम्माशी असलेला संबंध हे कारण आंबेडकरांनी दिले. अन्य राजकीय तर्क त्यांनी फेटाळले. संयोजनाची धुरा वामनराव गोडबोले यांनी वाहिली. मैदानावर सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती पार्श्वभूमीस ठेवून व्यासपीठ उभारले होते. गावागावांहून, कित्येकजण पायी, पांढरी वस्त्रे परिधान करून लोक आले. उपस्थितांची संख्या साडेतीन ते पाच लाखांपर्यंत सांगितली जाते.

कुशीनगरचे महास्थवीर चंद्रमणी यांनी आंबेडकर व त्यांच्या पत्नी सविता यांना त्रिशरण व पंचशील दिले. त्यानंतर आंबेडकरांनी स्वतः उभ्या जनसमुदायाला दीक्षा दिली. गृहस्थाने एवढ्या मोठ्या समुदायाला दीक्षा देणे ही बौद्ध परंपरेत असाधारण गोष्ट होती. त्यांनी आपल्याकडून बावीस प्रतिज्ञांची भर घातली. हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकरवी कोणताही विधी करवून घेणार नाही, बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, असा त्यातील नकारांचा आशय आहे. समतेसाठी झटणे, चोरी न करणे, मद्यपान न करणे इत्यादी प्रतिज्ञा विधायक आहेत. नकारांची संख्या मोठी आहे, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. परंतु महाराष्ट्रात पूर्वी झालेले अनेक सुधारणापंथ हळूहळू मूळ जातिव्यवस्थेतच विरघळून गेले होते. परतीची वाट बंद केल्याशिवाय नवी वाट टिकणार नाही, याचा विचार या रचनेमागे स्पष्ट दिसतो.

फ्रेंच क्रांतीचे नवे पंचांग १ जानेवारी १८०६ रोजी रद्द झाले, कारण लोकांच्या जन्म-लग्न-मरणाच्या चालीरीतींत ते उतरलेच नाही. आंबेडकरांनी ही उणीव राहू दिली नाही. बौद्ध पूजापाठ नावाची छोटी पुस्तिका त्यांनी स्वतः सिद्ध केली आणि विवाहविधी होम व सप्तपदीवाचून, अत्यंत साध्या रीतीने व्हावा असे मार्गदर्शन केले. खेड्यातील माणसाला भटजी किंवा भिक्खू यांची वाट न पाहता आपल्या घरातील कार्य पार पाडता यावे, ही त्यातील व्यावहारिक सोय होती. १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने हे विधी वस्त्यावस्त्यांत नेले.

अखेर आणि नंतरचा काळ

नागपूरनंतर १६ ऑक्टोबरला चांदा येथे दीक्षा समारंभ झाला. डिसेंबरात मुंबईत तसाच मोठा सोहळा योजला होता. त्यापूर्वीच ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत आंबेडकरांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईस आणण्यात आले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीजवळ बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्याच ठिकाणी भदंत आनंद कौसल्यायन यांनी एक लाखाहून अधिक लोकांना दीक्षा दिली. जे लोक आंबेडकरांकडून दीक्षा घेण्याची वाट पाहत होते, त्यांनी ती त्यांच्या चितेच्या साक्षीने घेतली.

१९५१ च्या जनगणनेत तेव्हाच्या मुंबई राज्यात बौद्धांची संख्या अवघी काही हजार होती; १९६१ साली महाराष्ट्रात ती २७ लाखांहून अधिक नोंदली गेली. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, कोरेगावचा स्तंभ आणि महाडचे चवदार तळे ही वार्षिक मेळाव्यांची ठिकाणे झाली आहेत. २० मार्च व २५ डिसेंबर रोजी महाडला मोठी गर्दी होते. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले.

दीक्षा घेणाऱ्यांना त्याची किंमत कायद्यातही मोजावी लागली. अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या, आणि १९५६ पासून हिंदू व शीख यांच्यापुरत्या, मर्यादित होत्या. त्यामुळे धर्म बदलताच केंद्र सरकारच्या सवलतींवरील हक्क जात होता. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती १९६० मध्येच दिल्या. केंद्राच्या पातळीवर मात्र बौद्धांचा समावेश करणारी दुरुस्ती १९९० साली झाली. मधल्या चौतीस वर्षांत लाखो कुटुंबांपुढे शाळेच्या दाखल्यावर किंवा नोकरीच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न दर वेळी उभा राहत असे, आणि तरीही अनेकांनी तेथे बौद्ध असेच लिहिले.